न फोडलेली पेरं

बोरू म्हटलं की शिकलेल्या लोकांना लेखणी आठवते. मीही चौथीपर्यंत बोरूनेच कित्ता गिरवला. गावच्या शाळेत मास्तर स्वतः चाकूने टोक तासून द्यायचे आणि शाई सांडली की त्याच बोरूने बोटांवर मारायचे. बोरूने लिहायचं काम मला त्या चार वर्षांपुरतंच पडलं. नंतर तो मी कापला, सोलला, ठेचला, विणला, विकला. चुलीतही घातला. आणि एकदा त्याचा माणूस केला. त्याबद्दल लिहायचं आहे, बाकीचं ओघाने येईल.

आम्ही तेव्हा विक्रोळीला हायवेच्या पलीकडच्या वस्तीत राहत होतो. डोंगराकडून येणारा नाला हायवेखालून जाऊन खाडीला मिळायचा. गोडं पाणी जिथवर पोचायचं तिथवर बोरू, आणि खारं सुरू झालं की तिवरं. बोरूचं बेट असं दाट की आत शिरलेलं माणूस दहा पावलांवर दिसेनासं व्हायचं. उंची दोन माणसांची. दिवाळीच्या सुमाराला वर पांढरे तुरे यायचे. लांबून बघणाऱ्याला ते छान वाटत असतील. आम्हाला तुरा दिसला की एवढंच कळायचं, कापणीला आला.

घरात मी, माझा नवरा, दोन मुली, सासू, धाकटा दीर आणि त्याची बायको. दोघे भाऊ गिरणीत होते. संप झाला आणि दोघेही घरी बसले. सहा महिने आज मिटेल, उद्या मिटेल करत गेले. मग नवऱ्याने एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. दिराला तेही जमेना. माग चालवलेला माणूस गेटवर उभा राहणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नको उभा राहू, कोयता घे.

बोरूचं काम माझ्या माहेरचं. आमच्या गावच्या नदीला बोरू होता आणि माझा बाप त्याचे तट्टे विणायचा. सासरी हे कोणाला ठाऊक नव्हतं. विक्रोळीत आल्यापासून ते बेट मी रोज बघत होते, पण गिरणीचा पगार येत होता तोवर त्याला हात लावायची गरज पडली नव्हती. आता पडली. दीर कापून आणायचा, मी आणि माझी धाकटी जाऊ विणायचो. गोरेगावकडचे तबेलेवाले आडोशाला तट्टे न्यायचे. खाडीकाठच्या कोळणी सुकट पसरायला न्यायच्या. झोपडीला भिंत म्हणून, न्हाणीला आडोसा म्हणून, हातगाडीवर छप्पर म्हणून, असा तट्टा सगळीकडे जायचा. अगदी बारीक पेरं जत्रेतला पिपाणीवाला वेचून न्यायचा. पेर म्हणजे दोन गाठींमधला पोकळ भाग. उरलेलं सगळं चुलीत.

हे काम एकटीच्या हाताने होत नाही. तट्ट्याच्या एका टोकाला एक बसते, दुसऱ्या टोकाला दुसरी. एकीने उचलायचं, दुसरीने खालून सारायचं. एकीचा हात ढिला पडला की दुसरीची मेहनत वाकडी होते. माझ्या जावेचा हात चांगला होता. तेवीस वर्षांची होती, लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तोंडाने फटकळ, पण कामात शिस्तीची. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही.

विणण्याआधी बोरू ठेचायचा असतो. लाकडी मोगरी घेऊन गाठ न् गाठ, पेर न् पेर. नाही ठेचला तर तो चपटा होत नाही. आणि चुलीत घालायचा तुकडासुद्धा ठेचूनच घालायचा. त्याचं कारण वेगळं आहे. अख्खं पेर विस्तवात गेलं की आत कोंडलेली हवा तापते आणि पेर बॉम्बसारखं फुटतं. ओलं असेल तर जास्तच. लहानपणी मी आईचा डोळा चुकवून एक घातलं होतं. निखारा उडून मनगटावर बसला, तो डाग अजून आहे. म्हणून सासरी पहिल्या दिवसापासून माझा नियम होता, आधी ठेच, मग चुलीत घाल. का, ते मी कधी सांगितलं नाही. कामाला लावलेल्या माणसाला कारणं सांगत बसायची मला सवय नव्हती. जाऊ ठेचायची, मुली ठेचायच्या, आणि आमच्या चुलीत पेर फुटलेलं कोणी कधी ऐकलं नाही.

हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावर आहे.

संपाच्या पुढच्या वर्षी, गणपतीच्या आधी, दीर दुपारी कापणीला गेला. मांडववाल्याची घाई होती म्हणून मीच पाठवलं. कच्चा तर कच्चा, आण म्हटलं. उधाणाची भरती होती, ते त्यालाही ठाऊक होतं. संध्याकाळ झाली तरी आला नाही. बांधावर त्याच्या चपला एकाशेजारी एक नीट काढलेल्या होत्या. आत बोरूची मोळी बांधून ठेवलेली, पाण्यावर हलत होती. कोयता नाही, तो नाही.

कोळ्यांनी दोन दिवस होड्या फिरवल्या. एक म्हातारा कोळी म्हणाला, "खाडीत गेलेलं माणूस तिसऱ्या दिवशी वर येतंच, बाय." तिसरा दिवस गेला, चौथा गेला. तो वर आला नाही.

मग बोलणी सुरू झाली. कोणी म्हणालं चिखलात खाली अडकला असेल. कोणी म्हणालं भिवंडीत पॉवरलूमवर त्याच्यासारखा एक दिसला. गिरणीतले कितीतरी जण तेव्हा तिकडे गेले होते, काही घरी न सांगता गेले होते. माझा नवरा चार वेळा भिवंडीला जाऊन आला. सासूने दिराचं ताट वाढणं थांबवलं नाही. जेवणं झाली की तेच ताट ती स्वतः जेवायची. वाया काही जायचं नाही, म्हणून मीही बोलले नाही.

जाऊ आता त्याच्या जागी कापायला यायला लागली. पहिल्या दिवशी बेटात शिरली आणि कोयता उचलून तशीच थांबली.

"ताई, ऐकलंस?"

"काय?"

"आत कोणीतरी चाललंय."

"वारा आहे. काप."

तिने कापलं. पण वारा म्हटलं म्हणून मीही ऐकायची थांबले असं नाही. बोरूच्या बेटात वारा शिरला की पानाला पान घासतं आणि माणूस पाय ओढत चालल्यासारखा आवाज येतो. तो लहानपणापासून ऐकलेला आहे मी. त्या वर्षापासून मात्र तो नेहमी आमच्या पाठीमागूनच यायचा. मी वळून बघत नव्हते, एवढंच.

दोन वर्षांनी जावेचा भाऊ गावाहून आला. त्याला कारण भांडुपचा एक बिजवर, वर्कशॉपात फिटर, बायको बाळंतपणात गेलेली. तो आमच्याकडे एकदा न्हाणीसाठी तट्टा न्यायला आला होता. जावेने त्याला पाणी दिलं होतं. तट्टा खांद्यावर घेताना त्याचंच टोक त्याच्या डोक्याला लागलं आणि ही हसली होती. तोही हसला होता. त्याने जावेच्या माहेरी माणूस पाठवून विचारलं, पाट लावून देता का म्हणून. आमच्यात बाईचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. त्यात लाज काही नाही. पण पहिल्याचं मिटल्याशिवाय पाट लागत नाही.

"माणूस गेला म्हणा, नाहीतर आहे म्हणा," भाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाला. "माझ्या बहिणीला मध्येच लटकवून ठेवू नका."

घाटकोपरचे चुलत सासरे भावकीत मोठे. त्यांना बोलावलं, भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, पितृपंधरवड्यात उरकून घ्या. सासू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, करा.

दुसऱ्या दिवशी जाऊ सकाळी केसांना तेल लावून बसली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी बघितलं आणि घाबरले. खरं सांगायचं तर दिरासाठी नव्हे. ही गेली तर तट्ट्याचं दुसरं टोक कोण धरणार, हा विचार होता. मुली शाळेत जात होत्या, त्यांना विणायला बसवायचं नाही हे मी ठरवलेलं होतं. वॉचमनच्या पगारात सहा तोंडं भागत नव्हती.

पळसाची पानं नवऱ्याने आरे कॉलनीतून आणली, तिथल्या पाड्यावर त्याच्या ओळखीचा एक होता. तीनशे साठ पानं मोजून लागतात. जाऊ भिंतीशी बसून मोजत होती. डोक्याला नारळ. आणि हाडांच्या जागी काहीतरी ताठ हवं, भटजी म्हणाले, दर्भाने एवढा मोठा पुतळा उभा राहायचा नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बोरू आहे.

ताजा कापून आणला, हिरवा. वाळलेला घरात नव्हता, पावसाळ्यात कुठला असणार. मापासाठी दिराची पँट आणि शर्ट जमिनीवर पसरले आणि त्यावर बोरू ठेवून तोडत गेले. मांडी, नडगी, दंड, मनगट. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. मी विचार न करता तो खाली बांधला. बांधून झाल्यावर लक्षात आलं. दारातून बघितलं तर पोकळ काड्यांचा तो सांगाडा दुपारी जेवून आडवा झाल्यासारखा वाटत होता. माझी धाकटी मुलगी शाळेतून आली, दारात थांबली आणि म्हणाली, "काका?" मी तिला शेजारी पाठवून दिलं.

कपडे बाजूला केले आणि सवयीने मोगरी हातात घेतली. आगीत जाणारा बोरू, ठेचायला हवा. उचललेला हात सासूने धरला.

"माझ्या झिलाची हाडां फोडतंस, गो?"

तिचे डोळे बघून मी मोगरी खाली ठेवली. त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं हे मी शपथेवर सांगते. म्हातारीला त्रास नको, एवढंच. पेरं फुटतील हे मला माहीत होतं का? माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं यात फरक असतो. असा फरक असतो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

बायका आमच्यात स्मशानात जात नाहीत. पुरुष पुतळा घेऊन नाल्याच्या काठी गेले. आम्ही दारात बसलो. जावेने बांगड्या काढून ताटलीत ठेवल्या होत्या. कुंकू अजून होतं, ते पुरुष परत आले की पुसायचं होतं. तिचा चेहरा शांत होता. मला तर वाटलं, थोडा उजळलेला होता.

पहिला आवाज झाला तेव्हा सासू उठून उभी राहिली. सुतळी बॉम्बसारखा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग एक, लगेच दुसरा, मग एकामागून एक, मोजता येणार नाहीत असे. झाडांवरचे बगळे उडाले. वस्तीतली कुत्री ओरडायला लागली. मग पुन्हा शांत, आणि सगळं संपलं असं वाटत असताना शेवटचा एक, सगळ्यात मोठा.

"हाक मारल्यान," सासू म्हणाली. "माझ्या झिलान हाक मारल्यान. तो जितो आसा."

पुरुष धावतच आले. चुलत सासऱ्यांचं धोतर चिखलाने भरलेलं. माझा नवरा दाराची चौकट धरून उभा राहिला. "हात वर केला त्याने," म्हणाला. "डावा हात. असा." आणि त्याने करून दाखवला.

हिरवा बोरू तापला की वाकतो, वर उठतो. हेही मला माहीत होतं.

चुलत सासरे पाणी पिऊन म्हणाले, "जिवंत माणसाला अग्नी दिला आपण. चूक झाली." भटजींना विचारलं तर ते म्हणाले, असं मी पाहिलेलं नाही, शांत करावी लागेल. ते पिशवी घेऊन निघूनही गेले. जावेच्या भावाने थोडी हुज्जत घातली. "अहो, लाकूडबिकूड फुटलं असेल!" असं त्याने म्हटलंसुद्धा. त्याच्या तोंडून खरं निघालं होतं. चुलत सासरे त्याच्यावर ओरडले, "तू होतास ना तिथे? पळालास कशाला मग?" त्याने मान खाली घातली.

मोगरी माझ्या पायाशी पडलेली होती. मी तिच्याकडे बघत होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. पेरं फोडली नव्हती म्हणून फुटली. एवढंच. हवं तर चुलीत एक घालून दाखवायचं. सगळे ओशाळले असते, हसलेही असते, शेवटचं कुंकू पुसलं गेलं असतं आणि मार्गशीर्षात पाट लागला असता.

मी उठले आणि चहा टाकला.

सासूने त्याच संध्याकाळी कासार गाठला आणि सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. पूर्वी होत्या त्याच्या दुप्पट. जाऊ हात पुढे करून बसली होती. ती माझ्याकडे एकदा बघेल म्हणून मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी नाल्यावर गेले. राखेत नारळाची कवटी होती आणि पेरं होती, उभी चिरलेली, कडा बाहेर वळलेल्या, अगदी माझ्या लहानपणच्या त्या पेरासारखी. शंकेला जागाच नव्हती. त्यातलं एक बोटभर लांबीचं घेतलं आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं. का ठेवलं ते तेव्हा कळलं नाही.

फिटर महिनाभर थांबला. मग त्याने ठाण्याकडची मुलगी केली.

त्यानंतरची चार-पाच वर्षं मी नीट सांगू शकत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आम्ही कापायचो, ठेचायचो, विणायचो. जाऊ एका टोकाला, मी दुसऱ्या. धंदा बरा चालला. मोठी मुलगी दहावी झाली. घरात आवाजाची मात्र भीती बसली. हायवेवर ट्रकचा टायर फुटला की तट्ट्याचं दुसरं टोक थांबायचं. मी न बघता सांगू शकायचे, तिने मान दाराकडे वळवलेली आहे. दिवाळीचे चार दिवस तर काम व्हायचंच नाही. प्रत्येक फटाक्याला म्हातारी आणि ती, दोघींच्या माना एकदम दाराकडे. दर वेळी. पाचव्या वर्षीही. आधी म्हातारी वळायची आणि ही तिच्याकडे बघून वळायची. नंतर नंतर हीच आधी वळायला लागली.

जिथे त्याची मोळी सापडली होती तिथली बोरूची एक जाळी तिने कधी कापू दिली नाही. ती वाढून जुनी झाली, काळी पडली. "परत आल्यावर त्याने मोळी कुठे ठेवली होती ते शोधलं तर?" म्हणाली. चेष्टा करते आहे असं समजून मी हसले. ती हसली नाही. एकदा मला वाटलं त्या जाळीत खरंच कोणी उभं आहे, एक खांदा खाली असलेलं. मी कोयता घट्ट धरून पुढे गेले. आत बोरूशिवाय काही नव्हतं. तरी त्या दिवशी मी मोळी अर्धी टाकून घरी आले.

भुताखेतावर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आवाज कशाचा होता हे वस्तीत फक्त मला ठाऊक होतं. आणि तरीही सगळ्यात जास्त भ्याले ती मीच. बाकीच्यांना वाटत होतं तो परत येईल. मला वाटत होतं, आला आणि विचारलं तर?

मग नाला बुजवायला सुरुवात झाली. डंपर यायचे, इमारतींचा मलबा ओतून जायचे. एका उन्हाळ्यात अर्धं बेट गेलं, पुढच्या पावसानंतर उरलेलं पिवळं पडलं. ती काळी जाळी सगळ्यात शेवटी गेली. जाऊ बांधावर उभी राहून बघत होती. डंपरवाला ओरडला, "ओ बाई, साइडला व्हा!" ती झाली साइडला.

शेवटची एक मोळी घरात उरली. तबेलेवालेही आता पत्रे लावायला लागले होते. एका सकाळी सासू आत पडून होती. जाऊ अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती आणि ठेचलेले तुकडे सारत होती. मी मोळीतून एक बोरू काढला, हातभर तोडला आणि अख्खाच चुलीत सारला.

"ताई, ठेचला नाहीस."

"असू दे."

थोडा वेळ लागला. मग धाड. राख उडाली, तपेलं हललं.

तिची मान वळली. चुलीकडे नाही, नाल्याकडे. जिथे नाला राहिला नव्हता तिकडे.

"तिकडे बघू नको," मी म्हटलं. "इथे बघ."

आणि दुसरा घातला. तो फुटला तेव्हा ती चुलीकडे बघत होती. मी आत जाऊन डब्यातलं पेर आणून तिच्यासमोर ठेवलं. "त्या दिवशीच्या राखेतलं आहे," म्हटलं. चुलीतलं फुटलेलं पेर चिमट्याने काढून त्याच्याशेजारी ठेवलं. दोन्ही सारखी. आणखी काही सांगावं लागलं नाही. ती शहाणी होती.

तिने स्वतः एक बोरू तोडला, सारला, आणि फुटेपर्यंत हलली नाही. मग अजून एक. चेहऱ्यावर निखारा उडाला तरी मागे झाली नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"आधीपासून."

"त्या दिवशी? मी बांगड्या काढून बसले होते तेव्हा?"

"हो."

ती फुटलेल्या पेरांकडे बघत राहिली. शिव्या देईल, केस धरेल, असं काहीतरी मी धरून चालले होते. त्याला माझी तयारी होती.

"आता बोरू संपला," ती म्हणाली. "म्हणून सांगतेस."

ते खोटं म्हणायची सोय नव्हती. आजही नाही. मी स्वतःला समजावलं होतं की तिची कीव येऊन सांगते आहे. तिने एका वाक्यात खरं काय ते काढून समोर ठेवलं. तट्ट्याचं दुसरं टोक धरायला माणूस नको झालं, त्या दिवशी मला तोंड फुटलं.

आतून म्हातारीचा आवाज आला. "कोणाची हाक गो? इलो काय तो?"

मी जावेकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तर तिची सुटका होती. तिने चिमटा खाली ठेवला.

"होय, आये," आत बघून म्हणाली. "लांबसून हाक मारल्यान. यायत."

म्हातारी पुढे दोन वर्षं जगली आणि त्याच आशेवर गेली. तेवढी दोन वर्षं जावेने तिचं सगळं केलं. ती कांजूरला गोळ्यांच्या पॅकिंगला जायला लागली होती. आल्यावर म्हातारीला भरवायची, तिच्या हातून दोन घास स्वतः घ्यायची. माझ्याशी बोलणं कामापुरतं. मीठ दे, नळावर नंबर लाव, दार ओढ. तेराव्याचं जेवण उरकलं, भांडी घासून पालथी घातली आणि मला म्हणाली, "मी निघते." मुलुंडला तिने कामावरच्या एका बाईबरोबर खोली बघून ठेवली होती. मी म्हटलं, राहा. ती म्हणाली, "कशाला?" खरोखरच विचारल्यासारखं म्हणाली, टोमणा नव्हता. 

पुढे माझ्या धाकटीच्या लग्नाला आली होती. कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या. कोणासाठी लावते, सवयीने लावते, का एकटीने राहायला सोयीचं म्हणून लावते, मी विचारलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं. मांडवात कोणीतरी लड लावली. मी तिच्याकडे बघत होते. फटाके फुटत होते आणि ती माझ्या मुलीचा पदर सारखा करत होती. तिची मान वळली नाही.

माझी वळली.

आता घरात गॅस आहे. बोरू मुंबईत कुठे उरला असेल तर मला माहीत नाही. ते पेर डब्यात आहे. मुलीने एकदा डबा साफ करताना विचारलं, हे काय, टाकू? मी म्हटलं, ठेव. का, ते सांगितलं नाही. कारणं सांगायची सवय मला अजून लागलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं. दिवाळीत पहिला फटाका फुटला की मी दाराकडे बघते. दिराची मी वाट बघत नाही, तो मेला आहे. मुलुंडहून विक्रोळीला यायला अर्धा तास लागतो.